उभ्या गाडीचं रस्ता-शुल्क

अन्याय माझ्या आईवर झाला. मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता, अल रीम आयलंडवरच्या आमच्या टॉवरच्या मॅनेजमेंट ऑफिसात. बाबांना जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. काउंटरवरच्या माणसाने तिच्यापुढे कागद सरकवला. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना वार्षिक रस्ता-शुल्क, टॉवरच्या आतला रस्ता आणि बेसमेंटचा रॅम्प वापरल्याबद्दल. बाराशे दिरहम.

"म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये," आई मोठ्याने म्हणाली. वीस वर्षं इथे आखातात काढली, तरी रुपयांत सांगितल्याशिवाय तिला आकडा कळल्यासारखा वाटत नाही. मग त्याला म्हणाली, "लेकिन भैया, गाडी तो चलती ही नहीं."

"चले ना चले मॅडम, इलेक्ट्रिक है ना? खलास."

गाडी खरोखरच चालत नाही. बाबा गेल्यापासून ती दुसऱ्या बेसमेंटमध्ये एका खांबाशेजारी उभी आहे. तिचं रजिस्ट्रेशनही संपलंय, त्यामुळे बाहेरच्या रस्त्यावर न्यायची सोय नाही. आई तीनदा रोड टेस्टला नापास झाली आणि तिने नाद सोडला. लायसन्स मला आहे. तरी मी ऑफिसच्या बसने जाते, आणि त्याला कारण आहे.

दर रविवारी सकाळी आई ओलं फडकं घेऊन खाली जाते. गाडी पुसते. बाबांनी शेवटच्या दसऱ्याला बांधलेला झेंडूचा हार आरशाला तसाच आहे, त्याच्या गळलेल्या पाकळ्या वेचते. मग बाजूच्या सीटवर, म्हणजे तिच्या नेहमीच्या जागी, बसते आणि हात लांब करून बटण दाबते. इंजिन नाही, त्यामुळे आवाज नाही. फक्त ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकते, जराशी वर येते, आणि दोन्ही बाजूंचे आरसे उघडून खाली झुकतात. बाबांच्या मापाने. दोन-तीन मिनिटं ती तशीच बसते. बंद केली की सीट मागे जाते, उतरणाऱ्याला जागा करून देते. उतरत कोणीच नाही.

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा लिफ्टची वाट न बघता रॅम्पवरून पळत वर आले होते. बाबांच्या त्या सीटवर मी आजवर बसलेले नाही. मी बसले, मागेपुढे सरकवली, चुकून भलतंच बटण दाबलं गेलं, तर ती माझ्या मापाची होऊन बसेल. इलेक्ट्रिक गाडी हळू येताना एक बारीक गुणगुण करते, माणसांना कळावी म्हणून. बेसमेंटमध्ये तो आवाज आला की आईचं फडकं थांबतं. दुसऱ्या कोणाची गाडी समोरून निघून जाते आणि ती पुन्हा पुसायला लागते.

ऑफिसातल्या माणसाने सूट मिळते असंही सांगितलं. गाडी वापरात नसेल तर बॅटरी काढायची आणि टेक्निशियनचं सर्टिफिकेट आणायचं. टेक्निशियन तिथेच चहा पीत बसला होता.

"बॅटरी निकाली तो सीट का क्या होगा?" आईने विचारलं.

"सब रीसेट मॅडम. एकदम नई जैसी."

आईने कागदावरचा हात उचलून मांडीवर घेतला.

मग मी तोंड उघडलं. पुण्यात कॉलेजला होते तेव्हा फीवाढीविरुद्ध ढीगभर पत्रकं लिहिली आहेत मी. गेटवर उभी राहून वाटली आहेत. इथे पत्रकं वाटता येत नाहीत, पण जाब विचारता येतो. "हा नियम काढला कोणी? जी गाडी रस्त्यावर येतच नाही तिच्याकडून रस्त्याचे पैसे? आधार दाखवा!"

मॅनेजर आतून आला. नम्र माणूस. त्याने फाईल उघडली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. "रेसिडेंट का ही सजेशन था मॅम. आपके फादर का."

खाली बाबांची सही होती. मजकूर माझा होता.

आदल्या वर्षीची गोष्ट. लिफ्टमध्ये एक शेजारी बाबांना म्हणाले होते, "आप इलेक्ट्रिकवालों का तो सब फ्री में चल रहा है!" बाबांना ते लागलं. रॅम्प उखडला होता, दुरुस्तीचा खर्च सगळ्यांवर सारखा पडणार होता. रात्री जेवताना म्हणाले, "म्हणजे बघ, पेट्रोल वाचतंय तर रस्त्याचं थोडं आपण जास्त द्यावं, म्हणजे न्याय्य होईल. तू लिहून दे, तुला येतं." मी लॅपटॉप घेतला. ते सांगत गेले, मी इंग्रजीत ठोकत गेले. शेवटी ते म्हणाले, "आणि हे घाल, की जितके किलोमीटर तितकेच पैसे. उभ्या गाडीकडून काही घेऊ नये. लोक उन्हाळ्यात दोन-दोन महिने गावी असतात, म्हणजे त्यांच्यावर कशाला?"

त्याने पत्र दुसऱ्या पानावर गेलं. दोन ओळी. आणि मला शिकवलं होतं की पत्रक एका पानात बसलं पाहिजे.

"बाबा, लांबलं की कोणी वाचत नाही. मुद्दा आलाय."

"तू म्हणतेस तर..." म्हणाले आणि सही केली. त्या दोन ओळी मी उडवल्या. बाकीचं मॅनेजमेंटने जसंच्या तसं उचललं. आता त्याच कागदाने बाबांच्या गाडीला गाठलं.

घरी आल्यावर आई चप्पल काढताना म्हणाली, "ते पत्र तू लिहिलं होतंस ना?"

"बाबांनी सांगितलं, मी लिहिलं."

"तरीच. एकसुद्धा 'म्हणजे' नव्हतं त्यात."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पैसे भरले. रविवारी मीही खाली गेले, मागच्या सीटवर बसले. तिने बटण दाबलं. सीट पुढे आली, आरसे झुकले. पुढच्या काचेवर नवा स्टिकर होता, या वर्षी रस्ता वापरायची परवानगी देणारा. रिकाम्या सीटकडे बघून आई म्हणाली, "भरले हो." मग माझ्याकडे न वळता, "एवढं वर्ष. पुढच्या वर्षी नाही जमायचं. काढू देत बॅटरी."

मी अर्ज दिला आहे. त्यात त्या दोन ओळी आहेत. मॅनेजर म्हणतो, वार्षिक बैठकीत मांडा, इन्शाल्ला होईल. लिफ्टमधले तेच शेजारी म्हणतात, "पापा का ही तो रूल है बेटा, अब क्यों लड़ रही हो?" त्यांना मी पूर्ण पत्र दाखवलं. ते वाचायला थांबले नाहीत. मजला आला होता.

तेव्हा आता तुम्हाला सांगते, आणि ही विनंती नाही. आमच्या टॉवरमध्ये राहत असाल तर बैठकीला या आणि हात वर करा. दुसरीकडे राहत असाल तर आजच तुमच्या बेसमेंटमध्ये जा. टायर बसलेली, काचेवर धूळ चढलेली एखादी गाडी असेलच. ती कोणाची, का उभी आहे, ते विचारा. आणि रस्त्याच्या शुल्काचा कागद तुमच्यापुढे सहीसाठी आला, तर उभ्या गाडीचं काय, हे त्यावर आधी लिहून घ्या. कागद दुसऱ्या पानावर गेला तरी चालेल. जाऊ द्या. सही त्यानंतर करा.