तुर्फाचं गोंदण

वाळवंटातल्या खाबूर नदीकाठच्या भटक्यांच्या तंबूंत तुर्फाच्या हातचं गोंदण नसलेली बाई शोधून सापडली नसती. दिव्याची काजळी, लेकुरवाळीचं दूध आणि दोऱ्याने बांधलेल्या सुयांची जुडी, एवढंच तिचं भांडवल. लग्नाआधी गोंदायला बसलेल्या मुली रडायला लागल्या की ती दटावायची, "थोबाड तुझं असलं तरी गोंदण माझं आहे. हललीस तर लोक मला हसतील."

त्या उन्हाळ्यात नदीवर जायची सोय उरली नाही. वरच्या अंगाला सुलतानाचे शिपाई आर्मेनियन लोकांचे तांडे काठावर बसवत आणि कुऱ्हाडींनी कापत. प्रेतं वाहत येऊन लव्हाळ्यात अडकत. तहानलेले उंटसुद्धा त्या पाण्याला तोंड लावेनात.

तिथूनच तुर्फाने एक पोर ओढून काढली. मेलेल्या बाईच्या पदराला धरून होती, पण धुगधुगी होती. तुर्फाच्या लेकीच्या, नोफाच्याच वयाची. नाव येरानुही.

"ठेवून ये तिला जिथल्या तिथे," तुर्फाचा भाऊ खलफ म्हणाला. खालच्या वस्तीत अशी एक मुलगी सापडली तेव्हा शिपायांनी तंबू माणसांसकट पेटवले होते. "माझी लेकरं आहेत, अक्का."

"तूच ने. बुडबुडे थांबेपर्यंत डोकं पाण्यात दाबून धर आणि मग जेवायला ये."

खलफ जागचा हलला नाही.

गोंदलेली हनुवटी दिसली की पोर इथलीच, असं शिपाई धरून चालत. तुर्फाने काजळी खरवडली. आधी नोफाला बसवलं, मग वस्तीतल्या कोऱ्या हनुवटीच्या सगळ्या पोरींना.

"आमच्या पोरींचे हाल कशाला?" खलफची बायको हिस्सा म्हणाली.

"एकटीचंच तोंड सुजलेलं दिसलं तर आंधळ्यालाही कळेल."

शेवटी येरानुही. हिस्साने तिचं डोकं मांडीत आवळलं. सुया टोचताच पोर किंचाळली, "मायरिग!"

तुर्फाने फाडकन मुस्काटात मारली. "मायरिग नाही. युम्मा म्हण. इथली पोरं आईला युम्मा म्हणतात."

पुन्हा सुया. पुन्हा "मायरिग". पुन्हा थप्पड. रक्त आणि काजळी गळ्यापर्यंत ओघळली.

"पुरे गं, मरेल ती!" हिस्सा म्हणाली.

"त्या शब्दाने मरेल. धर नीट."

गोंदण पुरं होईपर्यंत पोर "युम्मा" म्हणून रडायला लागली होती.

सूज उतरायच्या आतच शिपाई आले. हवालदाराने पोरी रांगेत उभ्या केल्या आणि हसला. "वा! सगळ्या एकदमच नवऱ्या झाल्या?"

"सुया धुतलेल्याच आहेत, आगा," तुर्फा म्हणाली. "तुमचीही हनुवटी करा पुढे."

त्याने बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर हाणला. दात वाळूत पडले. मग त्याने शेकोटीतली पेटती काटकी उचलली. "जीव कळवळला की माणूस आपल्याच आईला हाक मारतं," तो सहज बोलावं तसं म्हणाला आणि निखारा नोफाच्या ताज्या जखमेवर टेकवला.

"युम्मा!"

तुर्फाने मुठीत वाळू आवळली. उठली नाही. पुढची पोर. तिच्या पुढची. मग येरानुही. निखारा चरचरला. मांस जळल्याचा वास आला. पोरीने श्वास घेतला.

"युम्मा!" येरानुही ओरडली आणि धावत येऊन तुर्फाच्या रक्ताळलेल्या पदरात शिरली.

हवालदाराने काटकी फेकली. खलफची मेंढरं हाकत शिपाई निघून गेले.

ऊन कलल्यावर तुर्फा दोघी पोरींच्या भाजलेल्या जागेवर चरबी लावत बसली. नोफा पेंगायला लागली. तुर्फा येरानुहीकडे वळली. "आता म्हण. तुझा तो शब्द म्हण. ऐकायला कोणी नाही."

पोर नुसती बघत राहिली. आठवत नसेल, असं तुर्फाला वाटलं. मग फुटक्या ओठांनी, जुळवत जुळवत, तुर्फानेच तो उच्चारला, "माय... रिग."

येरानुहीने पटकन दोन्ही हातांनी गाल झाकून घेतले.