उसासेबाईंचा कान

आमच्या विभागात त्यांना सगळे उसासेबाई म्हणत, आणि हे नाव मीच ठेवलं होतं. संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती ऐकून जशाच्या तशा टाईप करायच्या, हे त्यांचं काम. जशाच्या तशा म्हणजे अगदी अक्षरशः. बोलणारी बाई मध्येच थांबली की कंसात ‘थांबते’, रडली की ‘हुंदका’, आणि नुसता श्वास सोडला तरी ‘उसासा’. बाकीचे टाईप करणारे असल्या भानगडीत पडत नसत. पण आमच्या प्रमुख मॅडमचं म्हणणं असं, की बाईमाणूस बोलताना जिथे गप्प होतं तिथेच खरं काय ते असतं, तेव्हा ते गप्प होणंही कागदावर आलं पाहिजे. बाईंनी ते वेदवाक्य मानलं.

माझं टेबल त्यांच्या शेजारी. कानाला हेडफोन, पाय पेडलवर, डोळे मिटलेले आणि बोटं चाललेली, अशा त्या तासन्‌तास बसत. पेडल दाबलं की आवाज पुढे, टाच टेकवली की मागे. मी शेजारी फाईल आपटली तरी ढिम्म. मला त्यांच्या एकाग्रतेचा हेवा वाटायचा.

मुलाखती साध्यासुध्या नव्हत्या. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या आणि परक्या गावात लपून राहणाऱ्या बायकांच्या होत्या त्या. कुणाचा नवरा मागावर, कुणाचा दीर. त्यामुळे रेकॉर्डिंग सुरू झालं की मॅडम आधी एक वाक्य म्हणत, “तुमचा आवाज या इमारतीबाहेर जाणार नाही.” बाई ते वाक्य प्रत्येक मुलाखतीच्या माथ्यावर टाईप करत. मग सगळी मुलाखत उतरवून झाली की शेवटी तिच्यातली नावं, गावं, शाळा, दुकानं बदलून टाकत. या बायकांना मुलाखतीची वेळ कळवायचा फोनही बाईच करायच्या. बिचाऱ्या दुसऱ्या कुणाचा फोन उचलत नसत, बाईंचा आवाज ऐकला की मात्र बोलत.

पुढे विद्यापीठात हे सगळं काम करणारी यंत्रं आली आणि त्यांच्याबरोबर मंजूर यंत्रांची यादी आली. माहिती सुरक्षेच्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवून प्रशिक्षण दिलं. या साहेबांच्या दर दुसऱ्या वाक्यात कुलूप यायचं, म्हणून आम्ही त्यांना कुलूपसाहेब म्हणायचो. यादीत नसलेल्या यंत्राला विद्यापीठातलं काहीही द्यायचं नाही, फुकट आहे म्हणून तर मुळीच नाही, एकदा बाहेर गेलेलं परत आणता येत नाही, असं त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. चहाबरोबरची बिस्किटं चांगली होती. आम्ही ती खाल्ली, सह्या केल्या आणि आपापल्या टेबलावर आलो.

मंजूर झालेलं ऐकून लिहिणारं यंत्र विद्यापीठाच्याच तळघरात चालायचं. त्यातून काही बाहेर जायची सोय नव्हती, पण होतं मात्र मठ्ठ. प्राध्यापकांचं खड्या आवाजातलं व्याख्यान ते सुरेख उतरवायचं. एखादी बाई दबक्या आवाजात बोलायला लागली की सरळ जागा कोरी सोडून पुढे जायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्या कोऱ्या जागा आम्हाला दाखवल्या आणि आम्ही पोट धरून हसलो. आपल्या बाईंना काही धोका नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

त्याच सुमारास त्यांनी आपलं टेबल फिरवून घेतलं, डावी बाजू भिंतीकडे येईल असं. उजेड डोळ्यांवर येतो म्हणाल्या. एकदा त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा टीव्ही इतका मोठा लावलेला की मी दाराबाहेरूनच बातम्या ऐकल्या. “हल्ली ही माझं बोलणं कानावरच घेत नाही,” असं त्यांच्या यजमानांनी कुरकुरत सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात कोण घेतं, म्हणून मीही ते हसण्यावारी नेलं.

डावा कान जवळपास गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावा म्हणून सांगितलं होतं. बाईंनी घरीदारी कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्यांचं कंत्राट दर वर्षी नवं व्हायचं, आणि डोळे अधू झालेल्या आमच्या मुद्रितशोधकांना नुकतंच पुष्पगुच्छ देऊन घरी बसवलं होतं. पण नोकरीचं कारण वरवरचं. पुढे सगळं उघड झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “अगं, कान गेल्यावर माझ्यात राहतं काय?”

तर ज्या जागा तळघरातलं यंत्र कोऱ्या सोडायचं, त्याच जागा आता बाईंच्या कानालाही कोऱ्या ऐकू यायला लागल्या. कोऱ्या जागेवर अंदाजानं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कुठूनसं त्यांना एक फुकटचं ॲप सापडलं. त्याला पुटपुटणं कळायचं, हुंदका कळायचा, उसासाही कळायचा. ते यादीत नाही हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आधी त्यांनी नुसते न कळलेले तुकडे दिले. मग तुकडे कापत बसणं जिवावर यायला लागलं, म्हणून अख्ख्या मुलाखती दिल्या. नावं बदलायचं काम आमच्याकडे सगळं उतरवून झाल्यावरचं, त्यामुळे त्या ॲपकडे गेलं ते सगळं खरंखुरं गेलं. बायकांची नावं, गल्ल्या, मुलांच्या शाळा आणि सुरुवातीचं मॅडमचं ते वाक्यसुद्धा.

त्या दिवसांत मॅडमनी मीटिंगमध्ये बाईंचं तोंडभरून कौतुक केलं. पूर्वीपेक्षाही बारकाईनं उतरतंय म्हणाल्या. बाई टाळ्यांच्या आवाजात खाली मान घालून बसल्या होत्या.

पुढे बातमी आली, की त्या ॲपवाल्यांनी साठवलेली रेकॉर्डिंग्ज इंटरनेटवर उघडी पडली होती. बरेच दिवस कुणीही यावं, ऐकावं, घेऊन जावं, असा कारभार. कुणी नेली हे सांगायची सोय नाही. कुलूपसाहेबांनी आपल्याकडचा कुठला कॉम्प्युटर त्या ॲपशी बोलत होता ते शोधलं आणि आमच्या मजल्यावर आले. त्यांनी प्रश्न विचारायच्या आधीच बाई उठून उभ्या राहिल्या. साहेब ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात काहीतरी विचारायला लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, “जरा मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाही.” सगळा विभाग ऐकत होता.

मला त्यांची कीव आली, हे खरं आहे. पण त्याहून जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. कानात यंत्र दिसेल म्हणून ही बाई लाजली, आणि त्या लाजेपायी लपलेल्या बायकांचे पत्ते वाऱ्यावर सोडून मोकळी झाली. रागानं मला झोप लागेना.

चौकशी समितीनं ठरवलं, की प्रत्येकीला फोन करून काय झालं ते सांगायचं आणि कुणाला राहती जागा सोडायची असेल तर मदत करायची. फोन मॅडम करणार होत्या. बाई आडव्या आल्या. “माझ्या हातून गेलंय. आणि दुसऱ्या कुणाचा फोन त्या उचलणार नाहीत.” दुसरं बोलणं खरं होतं, म्हणून समितीला मान्य करावं लागलं. सोबत साक्षीला मला बसवलं.

टेबलावरचा जुना फोन, त्याला स्पीकर नाही. दार लावून आम्ही दोघी बसलो. बाई रिसीव्हर उजव्या कानाला घट्ट दाबून धरायच्या आणि आडपडदा न ठेवता सांगायच्या, तुमचा आवाज बाहेर गेला, माझ्यामुळे गेला. एकीनं शिव्या घातल्या. एकीनं तुम्हाला मुलंबाळं आहेत का म्हणून विचारलं. त्या चिडून मोठ्यानं बोलत होत्या, त्यामुळे बाईंना सगळं नीट ऐकू आलं. एकाही शब्दावर त्या ‘पण’ म्हणाल्या नाहीत.

दुपार कलल्यावर शेवटचा फोन लावला. ही बाई मुलाखतीतही पुटपुटतच बोललेली, ॲपकडे गेलेला अगदी पहिला तुकडा तिचाच. बाईंनी सांगायचं ते सांगितलं आणि थांबल्या. कपाळावर आठी पडली. रिसीव्हर डाव्या कानाला नेला, परत उजव्या कानाला आणला, आणि मग माझ्यापुढे धरला.

“काही बोलतेय का गं ती?”

ती बोलत होती. अगदी शांतपणे एकच प्रश्न विचारत होती. मी तो बाईंच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितला, “मुलीच्या शाळेचं नाव मी त्यात घेतलं होतं का, असं विचारतेय.”

बाईंनी डोळे मिटले, टाईप करताना मिटायच्या तसे. “घेतलं होतं,” त्या म्हणाल्या. “शाळेचं घेतलं, आणि शाळेसमोरच्या दवाखान्याचंही.”

मी ते फोनवर सांगितलं. पलीकडे तिनं रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज झाला, पण फोन बंद झाला नाही. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“काय म्हणतेय?”

“काही नाही. उसासा टाकला,” मी म्हटलं. “आता कपाट उघडतेय. काहीतरी जड ओढतेय, बॅग असेल.”

“अजून?”

“दार वाजलं. मुलगी शाळेतून आली वाटतं.”

“तिला काय सांगतेय?”

मला सांगायचं नव्हतं. पण बाईंचा हात पेनावर गेला होता, आणि समोरच्या कागदावर त्यांनी ‘उसासा’ लिहून ठेवला होता. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि सांगितलं.

“बूट काढू नकोस म्हणतेय.”