फटफटीनं कुंकू प्यायलं

आमच्या घरात कामाचा कान एकच होता आणि तो माझा नव्हता.

काष्टीला मास्तर असताना मी नगरच्या लष्करी लिलावातली एक विलायती फटफटी घेतली. दोन सिलिंडर, दोन कार्बुरेटर! दोघांनी सारखी हवा ओढली तर पळायची, नाहीतर आचके द्यायची. बायको, कमल, रबरी नळीचं एक टोक कानाला लावी, दुसरं आळीपाळीनं दोघांच्या तोंडाशी धरी आणि सांगे, "डावा लई सुसकारतुया. स्क्रू पिळा."

तिच्या भावाच्या लग्नाला निघताना मात्र मी म्हणालो, "आज माझ्या कानानं लावतो!" नेवाशाला पोचलो तेव्हा वऱ्हाड विडे खात होतं.

"ही गाडी तुमच्या हातानं नीट लागंल, तवाच मी येईन!" कमल म्हणाली आणि माहेरीच राहिली.

आठ दिवस बरं वाटलं. मग घर इतकं गप्प झालं, की मी नळी कानाला लावून भिंतीवरचं घड्याळ ऐकत बसायचो. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

शेवटी नगरच्या उस्मानभाई मिस्त्रींना गाठलं. ते म्हणाले, "कानाच्या जागी पाऱ्याची नळी लावा, मास्तर. पारा दोन्हीकडं सारखा, म्हंजी गाडी लागली. पन पाराच हां! जड असतोय, इंजिन पीत न्हाई."

पारा मिळेना. मी मास्तर, डोकं चालवलं! पारदर्शक नळी वाकवून फळीवर ठोकली, एरंडेल भरलं, आणि दिसावं म्हणून कमलच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू घातलं. (करंडा पुन्हा बंद करायला उगाच वेळ लागला.) दोन टोकं दोन कार्बुरेटरांना जोडली, किक मारली. तेल डावीकडं सरकलं आणि सुर्रकन सगळं आत!

पांढऱ्या धुरानं गल्ली भरली. शेजारच्या काशीबाई घागर घेऊन धावल्या. "मास्तरांचं घर पेटलं वं!" मी तोंड उघडायच्या आत घागर माझ्याच डोक्यावर रिकामी!

बातमी एसटीनं नेवाशाला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कमल दारात.

"घर कुटं जळालं?"

"जळालं नाही. गाडीनं एरंडेल घेतलं."

फळीवरचे लाल डाग बघून तिनं विचारलं, "आन् माझं कुंकू?"

"तेही."

ती हसत हसत पायरीवरच बसली. मी प्लग पुसले, तिनं नळी कानाला लावली. "डावा. पाव फेरा." गाडी सुरात!

"आता राहतेस ना?"

"तुमच्या हातानं कुटं लागली? चला, सोडा मला. आय तिकडं घाबरून बसलीया."

सोडलं. येताना गाडी इतकी गुणी चालली, की वाटेत थांबायला निमित्त मिळेना. घरी येऊन कुलूप काढलं, जरा वेळ उंबऱ्यावर बसलो. मग उठून डावा स्क्रू पाव फेरा उलटा फिरवला आणि पोस्टकार्ड टाकलं: "गाडी पुन्हा बिघडली. लगेच ये."

उलट टपाली उत्तर आलं: "डावाच ना? किती फिरवला?"

मी मुकाट्यानं लिहिलं, "पाव फेरा. पण माझ्या हातानं, आणि अगदी बरोब्बर!"