आगटीपर्यंत जाणारी गाडी

आमची मुलगी आठ वर्षांची आहे. तिला चालता येत नाही. लहान होती तोवर मी तिला कडेवर घेऊन सगळीकडे जात असे. पुढे चारचौघांत कोणी उचललेले तिला नको झाले. मागच्या हिवाळ्यात जामखेडजवळच्या आमच्या गावी हुरड्याला गेलो, तेव्हा चुलत भावंडे रानात हुरडा भाजायच्या आगटीभोवती बसली आणि ती रस्त्यावर मोटारीत बसून राहिली. तिच्यासाठी हुरडा वाटीतून आला. तिने तो खाल्ला नाही.

या वर्षी हुरड्याआधी आम्ही नगरच्या एका दुकानात गेलो. मुलांना बसवून दांड्याने ओढायची चार चाकांची कापडी गाडी हवी होती. दुकानदाराने दोन दाखवल्या. एक हलकी, घडी होणारी, बारीक चाकांची. दुसरी जड, रुंद टायरची, टायरवर खोल नक्षी.

"ही डोंगरात न्या, वाळूत न्या. बाळ केवढं आहे?"

"आठ वर्षांची आहे," पत्नी म्हणाली.

त्याने मुलीकडे पाहिले. जड गाडीची पुढची बाजू उघडून पाय लांब कसे करता येतात ते दाखवले. मुलीला बसवून फरशीवर फिरवले. आम्ही तीच घेतली. रानाचा विचार आम्ही केला होता, रानातल्या पाण्याचा नाही.

आम्ही पोचलो त्याच्या आदल्या रात्री शेतीपंपाची वीज आली होती. माझ्या थोरल्या भाऊंनी गव्हाला पाणी दिले, पाट फुटला आणि बांधालगतची वाट भिजली. रस्ता सोडून गाडी थोडी पुढे गेली आणि थांबली. टायरच्या नक्षीत काळी माती गच्च बसली होती. भाऊंनी ती खुरप्याने काढली. दोन हात पुढे जाताच चाके पुन्हा भरली.

"उचलून नेऊ का गं?" त्यांनी विचारले.

"नको, काका." तिने गाडीची कड दोन्ही हातांनी धरली. समोर आगटीतून धूर निघत होता. भावंडांनी कणसे भाजायला टाकली होती.

भाऊ गंजीकडे गेले, उन्हाळ्यातल्या वैरणीसाठी रचलेल्या ज्वारीच्या वाळल्या कडब्याच्या पेंढ्या घेऊन आले आणि चाकांपुढे पसरू लागले. गाडी कडब्यावरून सरकली. भाऊंनी मागचा कडबा उचलायचा, पुढे टाकायचा, मी पुन्हा ओढायचे.

"अवो, उन्हाळ्यात म्हशीला काय टायर घालायचं व्हय?" वहिनी आगटीपासून ओरडल्या.

"लई बोलू नको. पेंढी आन."

त्या पेंढी घेऊन आल्या आणि मग स्वतःच पसरत राहिल्या. "भावजी, दांडा सरळ धरा की! ध्यान कुटं हाय तुमचं?"

गाडी आगटीशी पोचली. मुले गोणपाटावर बसलेली, ती गाडीत उंचावर. सगळे मान वर करून तिच्याकडे बघू लागले. तिने खाली गोणपाटाकडे पाहिले.

"काका, आता खाली बसवा मला."

भाऊंनी चिखलाचे हात सदऱ्याला पुसले आणि तिला उचलले. मुलांनी न सांगता सरकून जागा केली.