सेठजींसमोरची प्रार्थना

स्नेहलताबाई अमोलिक दिवसभर देवाशी बोलत. गुडघे टेकून, डोळे मिटून नव्हे. ते रविवारी चर्चमध्ये. घरात मात्र भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. "प्रभू, ही मेथी बघ, अर्धी मातीच आहे." "प्रभू, आज गुडघा ठणकतोय, जरा बसते हं."

ही सवय लग्नानंतरची. नगर जिल्ह्यातून त्या झाशीला आल्या. नवरा रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. तो कामावर गेला की क्वार्टरमध्ये मराठी बोलायला चिटपाखरू नसे. मग ज्याच्यावर लहानपणापासून विश्वास ठेवला, त्याच्याशीच त्या बोलू लागल्या. तो जवळ आहे हे त्यांना कुणी पटवून द्यावं लागलं नाही. पुढे नवरा गेला, क्वार्टर सुटलं, मुलाच्या भाड्याच्या घरात त्या राहायला आल्या. बोलणं चालूच राहिलं.

मुलगा सुजय झाशीजवळच्या बिजौलीतल्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर. मराठी त्याला सगळी कळे, पण तोंडात हिंदीच. आईच्या बोलण्याकडे तो लक्ष देत नसे. कौशिकचा हात मशीनमध्ये जाईपर्यंत.

कौशिक चिरगावहून बसने येणारा कामगार. प्रेस मशीनपुढची लोखंडी जाळी तुटलेली होती. सुजयने मालकाच्या कानावर घातलं होतं, मालक 'देखेंगे' म्हणाला होता. मग एका दुपारी कौशिकची बोटं गेली. आता सरकारी तपासणी होणार होती, आणि मालकाला हवं होतं की सुजयने सांगावं, काम उरकायच्या घाईत जाळी कौशिकनेच काढली.

सुजय व्हरांड्यात फोनवर म्हणाला, "जी सेठजी, यही कह दूँगा." आत वळला तर स्वयंपाकघरातून आईचा आवाज.

"प्रभू, ऐकलंस ना? बोटं त्या पोराची गेली आणि दोषही त्याच्याच माथी. माझा मुलगा म्हणतोय हे. तुझ्यासमोर म्हणतोय."

"आई, बस!" सुजय ओरडला. "यहाँ कोई नहीं है! किससे बोलती हो दिनभर?"

"कोणी नाही कसं? तू फोनवर बोलत होतास तेव्हाही तो इथंच होता."

सुजयच्या डोक्यात तिडीक गेली. सून रेवा म्हणत राहिली, मम्मीजींना काही झालेलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्याने आईला सिविल लाइंसमधल्या मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"माताजी, वो आपको जवाब देते हैं? आवाज सुनाई देती है?"

"कान से नहीं सुनती, बेटी. सुनती तो खुद ही आपके पास आ जाती." स्नेहलताबाई ताठ बसल्या होत्या. "बस, पता है कि वो है. उसके सामने रहती हूँ."

डॉक्टरीणबाईंनी तारीख विचारली, वार विचारला, घरची हालहवाल विचारली. मग सुजयकडे वळून म्हणाल्या, "इन्हें कोई बीमारी नहीं है. आपको तकलीफ किस बात की है?"

सुजय उठून फी द्यायला गेला. परतताना रिक्षात म्हणाला, "इतवार को सेठजी खाने पर आ रहे हैं. उतनी देर चुप रहना."

"म्हणजे पाहुणे आले म्हणून त्याला घराबाहेर उभं करू? जमायचं नाही."

रविवारी दुपारी सेठजी आले. हसतमुख माणूस, मिठाईचा डबा घेऊन. टेबलावर पुऱ्या आल्या तसे हात जोडून म्हणाले, "माताजी, सुना है आप बड़ी भक्त हैं. आपके यहाँ खाने से पहले प्रार्थना होती है न? हमारे कारोबार के लिए भी दो शब्द कह दीजिए."

सुजयच्या हातातला पाण्याचा जग तसाच राहिला.

स्नेहलताबाईंनी डोक्यावर पदर घेतला. इतकी वर्षं देवाशी त्या मराठीतच बोलल्या होत्या. आज मुद्दाम हिंदी धरली. पाहुण्याच्या कानातून एकही शब्द निसटायला नको होता.

"प्रभु, तू इस घर में है. बिजौली में भी था, जब जाली टूटी और किसी ने ठीक नहीं करवाई. कौशिक की उँगलियाँ कटीं, तब भी तू वहीं था. ये कहेंगे, किसी ने नहीं देखा. तूने देखा है. मेरे बेटे को झूठ मत बोलने दे. और सेठजी को इतनी शर्म दे कि कौशिक का घर चले. आमेन."

"आमेन," रेवा स्पष्ट म्हणाली.

सेठजींनी खुर्ची मागे सरकवली. "सुजय, बुढ़िया को सँभालो," म्हणाले आणि निघून गेले.

रागाच्या भरात सुजयच्या तोंडून मराठीच निघाली. "माझी नोकरी गेली! कळतंय तुला?"

"कळतंय. तू माझ्या पोटचा आहेस म्हणून प्रभूपुढे तुझं खोटं मी झाकणार नाही. मला वेडी ठरव, नाहीतर घराबाहेर काढ."

तपासणीच्या दिवशी सुजयने खरं ते सांगितलं. जाळी कधीपासून तुटली होती, कुणाला सांगितलं होतं, सगळं. खरं सांगायचं आधीच ठरवून गेला होता, का ऐनवेळी सेठजींचं वाक्य त्याला म्हणवेना, हे त्याने रेवालाही सांगितलं नाही. कौशिकला भरपाई मंजूर झाली. सुजयची नोकरी खरंच गेली. बऱ्याच हेलपाट्यांनंतर चिरगावला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काम मिळालं. पगार कमी, शिवाय रोजचा बसचा प्रवास.

चर्चच्या कल्याणीताई समजवायला आल्या. "सेठजींची माफी मागा, ते सुजयला परत घेतील."

"माफी कशाची? प्रार्थना त्यांनीच करायला सांगितली, मी केली. केलेली प्रार्थना परत घेत नसतात, ताई. चहा घ्या."

सुजय आईशी सरळ बोलत नसे. संध्याकाळी धुळीने भरलेला यायचा, हातपाय धुऊन पानावर बसायचा. एकदा पोळी वाढता वाढता स्नेहलताबाई त्याच्या देखत म्हणाल्या, "प्रभू, हा अजून माझ्यावर रागावलाय. रागवू दे. पण बघ, मान वर करून जेवतोय."

सुजयने ताट थोडं पुढे सरकवलं. "भाजी वाढ," एवढंच म्हणाला.