तळकाकांची काठी

पाणी दिसलं की तळकाकांना एकच प्रश्न पडायचा. "तळाला काय हाय?" मग ते धरण असो, विहीर असो, नाहीतर आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी. टाकी धुवायला माणसं आली की काका त्यांना आग्रहाने चहा पाजायचे, तो केवळ आत उतरलेल्या माणसाकडून तळाची हकीकत ऐकायला. जेवतानासुद्धा आमटीत आधी डाव घालून तळ चाचपून बघायचे. "डाळच आहे, खडक नाही," असं काकू म्हणायच्या आणि डाव हातातून काढून घ्यायच्या.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आम्ही पहिल्या. दारावरच्या पाटीवर त्यांचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते पोस्टमनशिवाय कुणी वापरत नसे. मूळचे रेवदंड्याच्या अलीकडचे. नोकरीपायी इकडे आले, निवृत्त झाले, तरी समुद्र काही त्यांच्यातून गेला नव्हता. आम्ही पडलो साताऱ्याकडचे. समुद्र म्हणजे आमच्या लेखी फोटो काढायची जागा. म्हणूनच असेल, त्यांच्या गोष्टी मी तोंड उघडं टाकून ऐकायची आणि तेही मला हातचं राखून सांगत नसत.

बदलापूर, खरवईकडून नव्या टॉवरांत राहणारी हौशी मंडळी त्यांच्याकडे सल्ल्याला यायची. नदीवर गळाला चार मासे लागले की यांना समुद्राची हाक यायची. "काका, मोठा तांब मासा काढायचाय, कुठली काठी घेऊ?" काकांना हा प्रश्नच आवडत नसे. मासा बघून काठी घ्यायची म्हणजे नवरदेवाचा फेटा बघून सोयरीक करायची, असं त्यांचं म्हणणं. आधी तळ सांगा. वाळू असेल तर साधी काठी चालते. खडक असेल तर मासा आमिष तोंडात घेऊन थेट कपारीत शिरतो, त्याला तिथून उपटायला काठीची कंबर ताठ पाहिजे. पण मासा खोलवर चावतो, त्याची खबर वर येईतो अगदी बारीक होते, म्हणून शेंडा हळवा पाहिजे. "कंबर ताठ आणि शेंडा हळवा, दोन्ही एका काठीत मिळणं कठीण," असं ते म्हणाले की काकू आतून म्हणत, "माझ्या कमरेचं विचारू नका आता."

बोटं मात्र विलक्षण होती त्यांची. बदलापूरला मांजर्लीत काकूंच्या बहिणीच्या घरात एकदा पुराचं पाणी शिरलं. आम्ही सगळे खराटे घेऊन मदतीला गेलो, तर हे कोपऱ्यात बसून चिमटीतला गाळ चोळत होते. हा नदीच्या पोटातला, हा शेतातला, हा कुणाच्या तरी बांधकामाचा, असं चाललेलं. मेहुणीबाईंनी शेवटी त्यांच्या हातात बादली दिली. बादली उचलतानाही ते बोटं एकमेकांवर घासतच होते.

काठी घ्यायला ते उल्हासनगरला जायचे. तिथं एका सिंधी शेठचं दुकान होतं. पुढे छत्र्या, रेनकोट, बॅडमिंटनच्या रॅकेटी आणि मागच्या कोपऱ्यात गळाच्या काठ्या. एकदा मीही सोबत गेले होते. काका खिशातून लोहचुंबक काढून दोरी ओवायच्या कड्यांना लावून बघत. चिकटलं तर ती कडी खाऱ्या पाण्यात गंजणार. मग काकूंचा वातींचा कापूस काढायचा आणि एकेका कडीच्या आतून फिरवायचा. कापसाचा तंतू कुठं अडकला, तर तिथं चरा आहे आणि तिथंच ऐन वेळी तंगूस तुटणार. तंगूस म्हणजे ती नायलॉनची दोरी, हेही मला तिथंच कळलं. शेठ गल्ल्यावर हात टेकून बघत होते. म्हणाले, "साईं, आप माल लेने आते हो के लड़के के लिए लड़की देखने?" काका म्हणाले, लड़की में इतना नहीं देखा था. घरी गेल्यावर हे मी काकूंना सांगितलं, ते त्यांना बरेच दिवस पुरलं.

पण खरी परीक्षा व्हायची ती गॅलरीत. आमच्याकडे भाजीवाला खाली उभा राहतो आणि वरच्या बायका दोरीला बांधून पिशवी सोडतात. काका दोरीऐवजी काठी घेऊन उभे राहायचे. तळाची मासेमारी म्हणजे सरळ खालून वर ओढायचं काम, त्याला गॅलरीसारखी जागा नाही. किलोभर बटाटे वर येताना काठी कुठून वाकते ते बघायचं, मग दोन किलो, मग एखादा कोहळा. त्यांच्या घरातल्या काठ्यांची नावंच पडली होती, बटाट्याची, कोहळ्याची. पुढची परीक्षा हळवेपणाची. कुणीतरी खाली पिशवीला नुसतं बोट लावायचं आणि वर काकांनी डोळे मिटून सांगायचं, "लागलं." हे खाली उभं राहायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. भाजीवाला मला "मासाताई" म्हणू लागला. मी राग धरला नाही, कारण त्या बदल्यात कोथिंबीर जरा सढळ मिळायची.

अशाच एका सकाळी मी बोट लावलं आणि वरून आवाज आला नाही. पुन्हा लावलं. काका डोळे मिटून तसेच उभे. त्यांची साखर जुनी होती. पायांना मुंग्या येतात हे ठाऊक होतं, पण ती बधिरता बोटांत उतरलीय हे त्यांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं. ते मला तिथं खाली उभ्या उभ्या उमगलं. मी पिशवीला चांगला हिसका दिला. काकांनी डोळे उघडले, खाली वाकून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बाय, मासा दया करत नाय."

त्यानंतर काही दिवस गॅलरीचं दार बंदच होतं. काका टीव्हीसमोर बसायचे आणि टीव्ही बघायचे नाहीत. मग एके दिवशी त्यांनीच मला हाक मारली. आता ते निराळ्याच शोधाला लागले होते. बोटांना कळत नाही, तर अंगाला दुसरीकडे कुठं कळतं? काठी मनगटावर टेकवून बघितली, कोपरावर बघितली, हनुवटीखाली धरली. समोरच्या इमारतीतली माणसं आपापल्या खिडक्यांत येऊन उभी राहिली. काकू म्हणाल्या, "आता डोक्यावर घ्या, म्हणजे गावात नाव होईल." शेवटी त्यांनी काठीचं मागचं टोक काखेत दाबून बरगडीला टेकवलं. मी खाली अगदी अलगद, पिशवीला आपण शिवलो की नाही हे मलाच कळू नये इतपत बोट लावलं.

"लागलं," काका म्हणाले.

आता काठी अशी हवी होती की तिची मूठ काखेपर्यंत पोचली पाहिजे. शेठ म्हणाले, "ऐसा पीस कंपनी में नहीं आता. बनवा देता हूँ." उल्हासनगरात हे वाक्य ऐकलं की माणसानं निश्चिंत व्हावं. त्यांनी मागच्या गल्लीतून मुठीला पोकळ नळीचा जोड लावून आणला, वर सायकलच्या हँडलचं रबर चढवलं. काठी दिसायला धेडगुजरी झाली, पण काका तिला नव्या नवरीसारखी घेऊन आले.

तरी गॅलरी ती गॅलरी. समुद्रात होडी हलते, पाणी ओढतं, दोरी थरथरते, त्या सगळ्या गलबल्यातून माशाचं चावणं बरगडीला कळेल का, याची धास्ती त्यांना होती. त्यांनी काकूंना सांगून टाकलं, समुद्रात नाही कळलं, तर सगळ्या काठ्या वाटून टाकीन आणि हास्यक्लबात नाव घालीन. काकूंनी हे हसत मला सांगितलं आणि लगेच डोळे पुसले. या माणसाला बळंच हसताना बघायची त्यांना भीती वाटत होती, आणि मलाही.

थंडीत आम्ही तिघं त्यांच्या गावी गेलो. काकूंना होडी लागते, त्यामुळे होडीत मी, काका आणि वल्ही मारायला त्यांचा पुतण्या. किनारा जरा मागे पडल्यावर काकांनी तंगुसाला बांधलेलं शिसं पाण्यात सोडलं, काठी काखेत धरली आणि डोळे मिटले. शिसं तळाला टेकलं. होडी हळूहळू सरकत होती आणि काका सांगत होते, "वाळू. वाळू. शिंपा हायेत इथं. खडक आला." काय सांगू, त्या मिटल्या डोळ्यांच्या माणसाकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या खाली खरंच एक गाव वसलेलं आहे.

तेवढ्यात काठीचा शेंडा लवला. एकदा, पुन्हा एकदा. काकांच्या चेहऱ्यावर काही नाही. पुतण्यानं तोंड उघडलं, मी त्याच्या दंडाला धरून त्याला गप्प केलं. शेंडा सरळ झाला. मासा गेला. मला रडू यायला लागलं आणि मी पाण्याकडे बघत बसले. काकांनी आमिष बदललं, पुन्हा शिसं सोडलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग शेंडा हलायच्याही आधी, मी तरी तो हलताना बघितला नाही, काका "आहे" म्हणाले आणि त्यांनी काठी उचलली. तळहाताएवढा तांब होता. बोटांना त्याचा स्पर्श कळेना म्हणून त्यांनी तो गालाला लावून बघितला.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. आजारात काठीकडे बोट करून भेटायला येणाऱ्याला ते त्या तांबाची गोष्ट सांगायचे आणि दर वेळी तांब थोडा वाढायचा. मी आणि काकू अजून संध्याकाळी गॅलरीत बसतो, त्यांच्या आठवणी काढतो, आणि मला ते फार आठवतात. पण काकूंना मी एक गोष्ट बरेच दिवस सांगितली नव्हती. त्या दिवशी होडी किनाऱ्याला लागत असताना पुतण्या पाण्यात उतरला होता, आम्ही दोघंच वर होतो. काकांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "पहिला एक गेला ना गो माझा?"

गेला, मी म्हटलं.

काकांनी काठीच्या मुठीवरचं पाणी पुसलं. मग म्हणाले, "बोलली नाहीस ते बरं केलंस बाय. बोलली असतीस, तर पहिला तुझा झाला असता, आणि दुसरा पण तुझाच."