हालचाल नाही

रियाधमधल्या आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी पुरुषांना एका वर्षी नवं खेळणं सापडलं. काडेपेटीहून जेमतेम मोठ्या हिरव्या पाटीवर बसवलेला अख्खा संगणक. कॉम्प्युटर सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, तो दोन शावरम्यांच्या भावात मिळायचा. स्वस्त वस्तूचं असंच असतं, आधी ती घरात येते आणि मग तिचं करायचं काय हा प्रश्न पडतो. तो प्रश्न ही मंडळी रोज व्हॉट्सअॅप ग्रुपवर चघळायची. एकाने बाल्कनीत तापमान मोजायचं यंत्र केलं. जुलै महिन्यात, रियाधमध्ये, बाहेर ऊन आहे हे कळावं म्हणून! दुसऱ्याने नमाजाच्या वेळा दाखवणारा पडदा भिंतीवर लावला, म्हणजे दुकानं बंद व्हायच्या आत सामान आणता येईल. दुकानं नमाजाला बंद होणं थांबून तेव्हा काही वर्षं झाली होती, हे त्याला त्याच्या बायकोने सांगितलं. माझ्या नवऱ्याने कढीपत्त्याला आपोआप पाणी घालायची सोय केली आणि तीन आठवड्यांत रोप कुजवलं.

मी इकडे यायच्या आधी सांगलीकडे एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, डिपेंडंट म्हणून आले आणि घरी बसून इंडियन स्कूलच्या दुपारच्या पाळीतल्या मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेऊ लागले. त्यामुळे ग्रुपमधले लोक मला चहाच्या कपाबरोबर सेन्सर म्हणजे काय ते समजावून सांगत, तेव्हा मी ऐकून घ्यायची. कपाळावर आठ्या येऊ न देणं हे मी त्या काळात शिकलेलं सगळ्यात अवघड कौशल्य.

या सगळ्यांचा म्होरक्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. एका बँकेच्या आयटी विभागात मोठ्या हुद्द्यावर होता. मला वहिनी म्हणायचा. बायकोही नोकरी करायची आणि मुलगी शाळेतून चार वाजता यायची. त्या हिवाळ्यात त्याने चिपळूणजवळच्या गावाहून आपल्या आईला फॅमिली व्हिजिट व्हिसावर आणलं. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, चुरचुरीत बोलणाऱ्या बाई. सकाळी सगळे बाहेर पडले की घरात त्या एकट्या.

"आईची सेफ्टी हा खरा युज केस आहे, वहिनी," तो मला लिफ्टमध्ये म्हणाला. "इतके दिवस आपण टाइमपास करत होतो."

त्याने तो चिमुकला संगणक एका प्लास्टिकच्या डबीत घातला, पुढे हालचाल ओळखणारा डोळा लावला आणि डबी स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या बोळात, छोट्या टेबलावर ठेवली. आई तिथून गेली की त्याच्या मोबाइलवर हिरवा ठिपका. बराच वेळ कोणी गेलं नाही की लाल. आईने जिवंत असल्याची हजेरी दिवसभर अशी चालून चालून द्यायची. हे त्याने आईला काय म्हणून सांगितलं होतं, तर "वायफायचं आहे, हात लावू नको."

मला तेव्हाच तिटकारा आला होता. कॅमेरा नाही म्हणून त्याला स्वतःच्या सभ्यतेचं फार कौतुक होतं. "प्रायव्हसीचा विचार केलाय मी," असं तो सांगायचा. आईला विचारायचा विचार मात्र त्याने केला नव्हता.

त्या बाई सकाळी अकराच्या सुमाराला माझी शिकवणी संपली की खाली यायच्या. कधी मीच वर जायची. मला 'बाय' म्हणायच्या. त्यांना इथलं विकतचं दही आवडायचं नाही. "गोड नाय, आंबट नाय, नुसतं पांढरं," म्हणायच्या. पण जानेवारीत रियाधची घरं गार पडतात, फरशीवर पाय ठेववत नाही. विरजण लावलं तरी दुसऱ्या दिवशी भांड्यात दूधच.

एका सोमवारी मी मुलांना बीजगणित शिकवत असताना फोन वाजला. वरच्या मजल्यावरचा म्होरक्या. मी घेतला नाही. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मुलांना थांबायला सांगून घेतला.

"वहिनी, प्लीज वर जा. लगेच. आई... घरात हालचालच नाही. मघापासून रेड आहे. मी निघालोय, पण किंग फहद रोड जाम आहे."

  चप्पलसुद्धा न घालता मी जिना चढले, लिफ्टची वाट पाहिली नाही. बेल दाबली. आतून काही नाही. पुन्हा दाबली. मग दारावर हाताने थापा मारायला लागले आणि मनात त्यांचं पडलेलं शरीर दिसायला लागलं.

दार उघडलं. त्यांच्या हाताला कोथिंबीर चिकटलेली होती.

"काय गो बाय? अशी का आलीस अनवाणी? ये, थालीपीठ लावलंय."

मी त्यांना मिठी मारली. त्यांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि विचारलं, "घरून फोन आला का? कोण गेलं?"

मग मी बोळात पाहिलं. डबीवर एक स्टीलचं पातेलं होतं, त्यावर ताटली, आणि सगळ्याला गुंडाळलेला जाड टर्किश नॅपकिन. नॅपकिनचं टोक पुढे लोंबत होतं, नेमकं डोळ्यावर.

"ह्यात दूध ठेवलंय," त्या म्हणाल्या. "हा डबा गरम असतो ना सदाचा. अख्ख्या घरात हाच एक गरम. म्हटलं, दही लागतं का बघू."

मी त्याला फोन केला. आई बरी आहे, म्हटलं. तो म्हणाला, पोचतोच आहे. आणि पोचला. शर्ट बाहेर आलेला, घामाघूम. दारातच आईला पाहिलं आणि क्षणभर त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तो क्षण मी पाहिला आणि मला वाटलं, सुटला हा, आता माणसासारखं काहीतरी बोलेल.

मग त्याला पातेलं दिसलं.

"आई! हे काय केलंस? मी सांगितलं नव्हतं हात लावू नको म्हणून? अख्खी मीटिंग सोडून आलोय मी! सेन्सर ब्लॉक केलास तू!"

"काय केलं?"

"तू घरात हललीसच नाहीस असं दाखवत होतं ते!"

 थालीपीठ करपायला लागलं होतं, त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला, हात पुसले, परत आल्या. ओढणीसारख्या घेतलेल्या शालीच्या टोकाला बांधलेला मोबाइल त्यांनी सोडून पुढे धरला.

"हा तूच घेऊन दिलास ना? दिवसभर माझ्यापाशीच असतो. वाजला नाही तो."

 मी तेव्हा भानावर आले. त्याने मला तीनदा फोन केला होता. आईला एकदाही नाही. त्याच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. लाल ठिपका आला, मग उपाय म्हणून जवळचा माणूस पाठवायचा, बँकेत सर्व्हर बंद पडला की पाठवतात तसा. सर्व्हरला कोणी फोन करून विचारत नाही, बाबा कसा आहेस.

नॅपकिन काढून त्याने डबीचा डोळा पुसला, डबी सरळ केली आणि ऑफिसला परत गेला. दही लागलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी, एका शुक्रवारी, इथल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. शहराबाहेर एक इस्तिराहा भाड्याने घेतला होता. हिरवळ, हॉल, मुलांना घसरगुंडी, मागे पाचपन्नास लोकांचं जेवण. कार्यक्रमात 'घरातले प्रयोग' नावाचा भाग होता, आणि म्होरक्या अर्थातच शेवटी बोलला. पडद्यावर त्याने आलेख दाखवले. आईची हालचाल, आठवड्यानुसार. मग तो सोमवारचा किस्सा सांगितला. त्याच्या तोंडून तो असा निघाला: यंत्रणेने वेळेत धोका ओळखला, त्वरित प्रतिसाद मिळाला, चूक यंत्राची नव्हती, 'युजर'ची होती, आणि आता त्याने दुसरा सेन्सर उंचावर बसवला आहे. लोक हसले. टाळ्या वाजल्या. 'युजर' पहिल्या रांगेत बसल्या होत्या, निळी पैठणी नेसून, मांडीवर नातीचा स्वेटर घेऊन. सगळे हसले म्हणून त्याही थोड्या हसल्या.

"कुणाला प्रश्न?" त्याने विचारलं.

मी उभी राहिले. "त्या दिवशी तुम्ही आईंना फोन किती वाजता केलात?"

"म्हणजे?"

"साधा प्रश्न आहे. इतके आलेख आहेत, तोही आकडा असेल."

 तो म्हणाला, "वहिनी, मुद्दा तो नाहीये." मंडळाच्या अध्यक्षांनी लगबगीने माइक घेतला आणि जेवण तयार असल्याचं जाहीर केलं. गाडीत नवरा म्हणाला, "गरज होती का?" मी म्हटलं, "होती."  मला वाटत होतं, निदान एका माणसाला तरी बरं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्या बाई खाली आल्या. बसल्या नाहीत.

"बाय, तू माझ्या लेकाला चारचौघांत बोललीस. मला आवडलं नाही."

"खोटं बोलले का मी?"

"खोटं नाही. पण ते मी बोलायचं होतं. त्याच्याशी, घरात. आता तो रागावून बसलाय. रागावलेल्या माणसाला काय सांगणार?"

 मी त्यांना चहा देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याला सांगितलंही. काय, ते मला त्यांनी नंतर सांगितलं: "म्हटलं, ते यंत्र राहू दे हवं तर. पण दुपारी जेवताना मला एक फोन कर."

आणि त्याने काय करावं! त्याने त्याच डबीला कामाला लावलं. रोज दुपारी एक वाजता आईचा मोबाइल वाजायचा आणि त्याच्याच आवाजात, रेकॉर्ड केलेलं, यायचं: "आई, जेवलीस का? मी मीटिंगमध्ये आहे. काळजी घे." पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "जेवले, तू जेवलास का?" तोवर फोन बंद झाला होता. दुसऱ्या दिवशीही तेच शब्द, तोच सूर. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं.

माणसं मूर्ख असतात हे मला शिकवण्याच्या नोकरीत कळलं होतं. हुशार माणूस हुशारीनेच इतका कोता होऊ शकतो, हे मात्र मी त्या दुपारी शिकले. त्या माझ्या सोफ्यावर बसून फोनकडे बघत होत्या आणि रडत नव्हत्या. नुसत्या म्हणाल्या, "व्हिसा मार्चपर्यंत आहे म्हणे. मला फेब्रुवारीत जायचंय."

"त्याला कारण काय सांगाल?"

"गुडघे. थंडी बाधते. गुडघ्यांचं कुणालाही पटतं."

त्या गेल्या. विमानतळावर सोडायला तो गेला, रजा काढून, हे मी मान्य करते. मंडळाच्या ग्रुपवर त्याने आईबरोबरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'मिसिंग आई ऑलरेडी'. सत्तर बदाम आले. मी टाकला नाही.

त्या मला अधूनमधून फोन करतात. चिपळूणकडची हवा, शेजारणीची सून, आंब्याला मोहर किती. मागच्या वेळी मी विचारलं, "लेकाचा फोन येतो का?"

"येतो की."

मला राहवलं नाही. "त्याचा, की त्या डबीचा?"

"त्याचा गो. गाडीतून करतो. मधेच कुणालातरी शिव्या घालतो, आडवा आला म्हणून. मला म्हणतो, तुला नाही आई, तुला नाही." त्या हसल्या. "आठवड्यातून एकदा करतो. मला पुरतं."

त्यांना पुरतं. मला नाही पुरत. तो अजून जिन्यात भेटतो, वहिनी म्हणतो, आणि मी मान हलवून पुढे जाते.